सावित्रीकाकींच्या हिरड्यांचा ठराव

“पोटातून फुंक गो, गालातून नको. गाल फुगवलेस तर देवीला वाटेल, बेडूक आलाय दर्शनाला.”

शंख सुनेच्या हातात देताना सावित्रीकाकींच्या सासूबाईंनी एवढंच सांगितलं होतं. त्या देवाघरी गेल्या, त्यालाही बराच काळ लोटला. पण आमच्या आळीतल्या देवीच्या देवळात संध्याकाळची आरती अजूनही काकींच्या शंखानेच सुरू होते. तो वाजला की घरोघरी दिवे लागतात, खेळणारी मुलं आत बोलावली जातात आणि कोपऱ्यावरचा वडेवाला कढईखालचा गॅस मोठा करतो. रत्नागिरीत इतक्या वेळेवर चालणारी दुसरी व्यवस्था निदान माझ्या पाहण्यात नाही.

अशा या शंखाच्या तोंडाशी चैत्रातल्या एका मंगळवारी तांबडा ठिपका आढळला.

ते कुंकू असावं, असं आमच्या महिला आरती मंडळाचं प्रथमदर्शनी मत पडलं. कुंकू असतं तर चमत्कार म्हणून नोंद घेता आली असती. शेजारच्या आळीतल्या देवळात गेल्या वर्षीच एक झालेला असल्यामुळे आम्हाला त्याची निकडही होती. पण काकी आपल्या हळू आवाजात म्हणाल्या, “कुंकू नाही हो ते. माझ्या हिरड्यांतून येतंय. दात घासतानाही येतं.”

हे त्यांनी सांगायला नको होतं. स्वतःपुरती गोष्ट मंडळाच्या कानावर घातली की ती मंडळाची होते.

मंडळाच्या अध्यक्षा ज्ञानेश्वरीताई. त्या निवृत्त आहेत. कशातून, हे कोणी विचारलेलं नाही; पण त्यांच्या बोलण्यात ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ सहज येतात. त्यांनी तातडीची सभा बोलावून विषय मांडले: सदर रक्तामुळे शंख बाटतो काय, आणि उपासाच्या दिवशी ते गिळलं गेल्यास उपास मोडतो काय. हिरड्यांना काय झालंय, हा विषय वेळेअभावी घेता आला नाही.

बरीच चर्चा होऊन असं ठरलं की, स्वतःचं रक्त हे घरचंच असल्यामुळे उपासाला चालतं. मात्र ते आवडीने गिळू नये. शंखाच्या तोंडाला लाल कापड गुंडाळावं. त्याप्रमाणे कापड गुंडाळलं गेलं आणि दुसऱ्याच दिवसापासून रक्त दिसायचं थांबलं. उपाय लागू पडल्याबद्दल ज्ञानेश्वरीताईंचं अभिनंदन करण्यात आलं. शिवाय, ज्या बाईचा ज्या औषधावर विश्वास असेल ते तिने काकींना करून आणून द्यावं, म्हणजे कोणाचा अपमान होणार नाही, असंही ठरलं. कोणी मिठाचं पाणी आणलं, कोणी बकुळीच्या सालीचा काढा, कोणी तिळाचं तेल. काकी कोणालाच नाही म्हणत नाहीत. एक गुळणी थुंकेपर्यंत दारात पुढची उभी असे.

काकींची सून निशिगंधा हे सगळं बघत होती. एका सकाळी तिने सासूला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट माळनाक्यावरच्या दातांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर तूबा होडेकर वयाने लहान, बोलायला गोड. पण खुणा केलेली बारीक सळई हिरडीत घालून ती खोली मोजू लागली, तसा चेहऱ्यावरचा गोडवा कमी होत गेला.

“काकी, वर दिसतं ते काहीच नाही. हिरडीच्या खाली, दाताच्या मुळावर दगडासारखं कीटण चढलंय. म्हणून हिरडी दाताला सोडायला लागलीये. ते खालपर्यंत खरवडून काढायला हवं. जागा बधिर करू. एका वेळी एक बाजू, मग दुसरी.”

“आणि नाही काढलं तर?” निशिगंधाने विचारलं.

“आतलं हाड झिजत जाईल. पुढचे दात आत्ताच जरा हलतायत.”

काकींनी एकच विचारलं, “शंख फुंकता येईल ना गो?”

“दात राहिले तर येईल. आत्ता साफ केलं तर राहतील अशी मला आशा आहे. पण गेलेलं हाड काही मी परत आणू शकत नाही, हे आधीच सांगते. थोडे दिवस गार पाणी झोंबेल, दातांमध्ये फटी दिसतील. आणि पुढे रोज दोनदा नीट घासायचं, फटींतून बारीक ब्रश फिरवायचा, मधूनमधून मला दाखवून जायचं. ते होणार नसेल तर माझी सगळी मेहनत फुकट.”

“रोजच्या नेमाचं मला जमतं,” काकी म्हणाल्या. “फक्त मंडळाला विचारून कळवत्ये.”

डॉक्टरने हातातली सळई खाली ठेवली. “मंडळात दातांचं कोणी आहे का?”

“दातांचं नाही. पण दात सगळ्यांना आहेत.”

निशिगंधाने कपाळाला हात लावला.

हिरडीखालची खोल सफाई करणं फायद्याचं आहे काय, या एकाच विषयावर पुढची सभा भरली. ज्ञानेश्वरीताईंनी भूमिका स्पष्ट केली. “मुळात दात उभे कशाने आहेत? त्या कीटणाने. बागेचा गडगा बघा. चिऱ्यांमधली माती खरवडून काढलीत तर म्हैस नुसती टेकली तरी तो आडवा होईल.”

“पण ताई, माझे तर आत्ताच हलतायत,” काकी म्हणाल्या.

“कारण तुम्ही घासता!”

मग गोदावहिनींनी अनुभव सांगितला. “माझ्या चुलत नणंदेने अशीच सफाई करून घेतली. पुढच्या महिन्यात तिचा नवरा गेला.”

“अगो बाई! कशाने?”

“कोकणकन्येने. मुंबईला नोकरी लागली त्याला.”

तरीही हा मुद्दा सफाईच्या विरोधात धरण्यात आला.

निशिगंधा म्हणाली, “डॉक्टरांनी स्वतः मोजून सांगितलंय.” त्यावर, एकाच तोंडाच्या आधारे निष्कर्ष काढणं शास्त्रीय नाही, असं ज्ञानेश्वरीताईंनी निदर्शनास आणलं. तौलनिक पाहणीसाठी ‘हिरडी उपसमिती’ नेमली गेली. उपसमितीने देवळाच्या सभामंडपात मोबाइलच्या उजेडात सगळ्या सभासदांच्या हिरड्या कापसाने चोळून पाहिल्या. ओळीने बसलेल्या आम्ही तोंडं उघडून वर बघत होतो. त्या दिवशी दर्शनाला आलेल्या एका पाहुण्याने हात जोडून काढता पाय घेतला. जवळजवळ सगळ्यांचा कापूस तांबडा झाला. माझाही झाला. सबब, हिरडीतून रक्त येणं ही बाब सर्वसाधारण असून काळजीचं कारण नाही, असा अहवाल बहुमताने स्वीकारण्यात आला.

कापूस पांढरा राहिला तो एकट्या निशिगंधाचा. तिच्याबद्दल मात्र उपसमितीने चिंता व्यक्त केली.

“अंगात रक्तच नसेल हिच्या,” गोदावहिनी कळवळून म्हणाल्या. “लोहाच्या गोळ्या घे हो बाळ.”

“मी रात्री दात घासून झोपते, एवढंच.”

“तेच म्हणत्ये मी,” ज्ञानेश्वरीताई म्हणाल्या. “अति केलं की शरीरावर असे परिणाम होतात.”

निशिगंधा उठली. “मग आता देवीलाच विचारा,” असं म्हणून ती चपला घालून घरी गेली. ती वैतागून बोलली होती. पण आमच्या आळीत देवीचं नाव घेऊन केलेली सूचना वैताग म्हणून फेटाळता येत नाही. कौल लावायचं ठरलं.

बाळा गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांना कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याने गाऱ्हाणं घातलं, “आई माउली, आज तुझं लेकरू सावित्री तुझ्या पायाशी उभं हाय. तिच्या हिरड्या तिला दगा देतायत. त्यांची खालपासून सफाई करावी असं तुझ्या मनात असंल तर उजवी दे, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आम्ही म्हणालो, आणि आमचं म्हणून व्हायच्या आत उजवी कळी पडली.

कौल इतका स्पष्ट मिळाल्यामुळे मंडळाची पंचाईत झाली. ज्ञानेश्वरीताईंनी देवीकडे खुलासा मागवला. वरचा जबडा की खालचा? वरच्याला उजवी पडली. खालच्यालाही उजवीच पडली. तूर्त कापूर खाऊन बघावा काय? यावर डावी कळी अशी उडाली की ती ताईंच्या चष्म्यावर बसली. आणखी एक प्रश्न होता, पण बाळाने ताम्हन उचललं. “आई आता बोलायची नाय. दमली ती.”

तेव्हा मंडळाने खोल सफाईला तत्त्वतः मान्यता दिली. आता दिवस ठरवणं तेवढं बाकी होतं. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि शनिवार हे कोणा ना कोणा देवाचे. त्या दिवशी हिरडीत टोचून घेतलेली सुई हे औषध की फराळ, यावर एकमत होईना. उरले बुधवार आणि रविवार. ते मासळीचे दिवस. तोंड बधिर करून ताजी सुरमई वाया घालवावी, हे सभेला पटलं नाही.

“पण मी मासे खातच नाही,” काकी म्हणाल्या.

“प्रश्न तुमचा नाही, काकी. तत्त्वाचा आहे.”

मान्यता मिळालेली आणि दिवस न मिळालेला, अशा स्थितीत आषाढ लागला.

एका संध्याकाळी काकींनी लाल कापड बांधलेला शंख ओठांना लावला आणि फुंकला. नुसती हवा निघाली. पुन्हा फुंकला. पुन्हा तेच. पुढचे दात हलले होते आणि ओठ शंखावर घट्ट बसत नव्हते. काकींनी शंख खाली ठेवला, पदराने पुसला, आणि आम्ही शंखाशिवायच आरती म्हटली. कोपऱ्यावर वडेवाला गॅस बारीक ठेवून बराच वेळ वाट बघत होता, असं मागाहून कळलं. त्या दिवशी पहिल्यांदाच मला वाटलं, काकींच्या डोळ्यांकडे बघू नये.

मंडळाने मात्र पर्याय तयार ठेवला होता. “देवीला आवाजाशी मतलब,” असं म्हणून ज्ञानेश्वरीताईंनी दुसऱ्या दिवशी मोबाइल आणि मोठा स्पीकर आणला. आरतीच्या वेळेला त्यांनी बटण दाबलं. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका बाईचा आनंदी आवाज घुमला: “तुमच्याही हिरड्यांतून रक्त येतं का?”

“जाहिरात पुढे ढकला हो ताई!” गोदावहिनी ओरडल्या.

“अजून ढकलता येत नाहीये!”

“आजच बदला तुमची टूथपेस्ट!” स्पीकर म्हणाला, आणि कोपऱ्यावर वडेवाल्याने गॅस मोठा केला. मग शंख वाजला. अर्ध्यात येऊन थांबला, आणि तीच बाई पुन्हा सुरू झाली. बाळा गुरव देवीच्या मुखाकडे बघत होता. नंतर त्याने शपथेवर सांगितलं की आईला हसू आलं होतं.

आरती झाल्यावर देवळाच्या पायरीवर बसून काकींनी निशिगंधाचा फोन मागून घेतला.

“डॉक्टर, सावित्री बोलत्ये. उद्या सकाळी येत्ये मी... हो, घासणं, फटीतला ब्रश, दाखवायला येणं, सगळं पाळीन. शब्द देत्ये तुला.”

त्या अगदी हळू बोलल्या. आमच्या आळीत हळू बोललेलं जास्त लांब जातं. सकाळी त्यांच्या फाटकाशी निम्मं मंडळ हजर होतं.

“काकी, दिवस अजून ठरलेला नाही,” ज्ञानेश्वरीताई म्हणाल्या.

“नाही ना. म्हणून मीच ठरवला.”

“आणि एवढं सगळं करून उपयोग झाला नाही तर?”

“नाही झाला तर नाही झाला,” काकी चपलेचा पट्टा लावत म्हणाल्या. “फुकट जाईल म्हणून मी काही सोडत्ये का? तुमच्या एका तरी सभेला आले नाही, असं झालंय?”

हे त्या इतक्या मायेने म्हणाल्या की ज्ञानेश्वरीताईंना राग यायला दुपार झाली. तोवर त्यांनी रस्त्यात उभ्याउभ्याच सभा घेऊन काकींच्या कृतीची नोंद घेतली, आणि उर्वरित सभासदांच्या हिरड्यांचा विषय गणसंख्येअभावी तहकूब केला.

तुम्हाला आमचं हसू आलं असेल. जरूर हसा. पण मघा, आमच्या कापसाची हकिकत वाचताना, तुमची जीभ खालच्या दातांमागून एकदा हळूच फिरून आली. तिथे काहीतरी खरखरीत लागलं, आणि ‘बघू, सणवार होऊन जाऊ देत’ असं ठरवून तुम्ही पुढे वाचू लागलात. आमच्या मंडळात निदान कधीतरी गणसंख्या अपुरी पडते. तुमच्या सभेत तुम्ही एकटेच. पुढे ढकलायचा ठराव मांडलात काय आणि मंजूर झाला काय.

फाटकाशी निशिगंधाने स्कूटर चालू केली. काकी मागे बसल्या, पदर खोचला, सुनेच्या खांद्यावर हात ठेवला. आम्हाला वाटलं, आता वळून काहीतरी म्हणतील. “चल गो,” त्या म्हणाल्या, तेही सुनेला. चढावर स्कूटर जरा कुरकुरली आणि माळनाक्याकडे निघून गेली.