वैरागडे सर आणि अर्धा हायड्रोजन

वैरागडे सरांना लग्नाची पत्रिका द्यायला आमच्या हिंगणघाटच्या कॉलेजात कोणी धजत नाही. सर स्टेजवर चढतात, नवरदेवाचा हात धरतात आणि त्याला रुथेनियम हा धातू शिकवतात. मागे आहेर घेऊन रांग ताटकळते.

"लोक म्हणतेत, काम धातू करते, लिगँड, म्हंजे धातूले चिकटलेला रेणू, नुसता त्याले धरून बसते. साफ खोटं! हायड्रोजन दोघं मिळून फोडतेत. अर्धा धातू घेते, अर्धा लिगँड. समजलं का बे?"

"हो सर," बँकेतला नवरदेव म्हणतो. फोटोग्राफर कपाळाला हात लावतो.

मी रसायनशास्त्राची विभागप्रमुख, म्हणून हे सगळं माझ्या माथी. सरांच्या रुथेनियमच्या लाल संयुगाला हवा लागली की ते तपकिरी होऊन मरतं. त्यामुळे कामाला दोन माणसं लागतात: एक फ्लास्क धरणारा, दुसरा हवा बाहेर ठेवणारी तोटी फिरवणारा. तोटीवर पहिल्यापासून कुंदाताई, सरांच्या पत्नी. त्याही इथेच शिकवत. हात थरथरू लागले, तशी त्यांनी नोकरी सोडली. सर मात्र अजून त्यांना स्कूटरवर बसवून आणतात. तोटी थरथरते, हवा शिरते, द्राव तपकिरी होतो आणि सर म्हणतात, "माह्यीच चूक."

यंदा प्रयोग जमला नाही तर प्रयोगशाळा संगणकवाल्यांना जाणार, हे ठरलेलं होतं. रुथेनियम बाटलीच्या तळाशी, एकाच प्रयोगापुरतं. कुंदाताई पलीकडे एप्रनच्या नाड्यांशी झटापट करत होत्या, तेव्हा मी सरळ म्हटलं, "सर, आज तोटी मी धरते."

"तुमचे हात चांगलेच आहेत मॅडम." सरांनी आवाज खाली आणला. "घरी सून तिले च्याचा कप बी उचलू देत नाई. इथं मी तोटी हिसकू?"

"मग विषय संपला सर. पुन्हा रुथेनियम येणार नाही."

"मले माहीत आहे."

कुंदाताई आल्या. सरांनी फ्लास्क धरला, चष्मा काढून खिशात टाकला. चष्म्याशिवाय त्यांना समोरचा माणूसही ओळखू येत नाही. त्यांनी मानेनेच खूण केली. कुंदाताईंनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट दाबून धरलं आणि तोटी फिरवली.

"कुंदा, रंग कसा आहे?"

कुंदाताईंनी फ्लास्ककडे बघितलं.

"लालच हाये जी."

"मंग जमलं," सर म्हणाले.

फ्लास्कमध्ये तपकिरी द्राव गरगर फिरत होता.