शेवटची काट

रेणूच्या एकाही पत्राला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं. आता आणखी एक लिहावं, की कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकून त्याला कायमचं झोपवावं, असा विचार करत ती दुपारची बसली होती. मांडीवर पर्ती झोपलेली. नाव प्रतीक्षा, पण आजीच्या जिभेवरून ते घसरून घसरून पर्ती झालं होतं.

पत्रं म्हणजे काही पोस्टाची नव्हेत. इंटरनेटवर 'अंगडंटोपडं' नावाचं एक स्थळ होतं. तिथं गावोगावच्या, देशोदेशीच्या मराठी आया लिहायच्या. कुणाच्या लेकराला दात येतोय, कुणाचं भात थुंकतंय. एकीनं लिहिलं की दहा जणी धावून यायच्या. मल्लेश, म्हणजे रेणूचा नवरा, पुण्याला कंपनीच्या गोदामात कॉम्प्युटरवर मालाच्या नोंदी करायला गेला, तेव्हा सेकंडहँड कॉम्प्युटर मागं ठेवून म्हणाला होता, "इथं लिहीत जा. मन रमंल."

मन रमवायला हुमनाबादेत दुसरं होतं तरी काय? भाड्याच्या दोन खोल्या. सासू बाणूबाई सकाळीच आपल्या चार शेळ्या घेऊन ओढ्याकडं जायची, ती दिवेलागणीला यायची, आणि आल्यावरही शेळ्यांशीच जास्त बोलायची. शेजारच्या शांतम्मा रोज भिंतीवरून डोकावून विचारायच्या, "ऊटा आयता?" जेवण झालं का? रेणू म्हणायची, "आयतु." झालं. उदगीरकडून आलेल्या रेणूचं कानडी तिथंच संपायचं, आणि दिवसाचं बोलणंही.

म्हणून ती लिहायची, भरभरून लिहायची. मध्ये ओळ न मोडता, श्वास न घेता. त्यावर त्या स्थळाच्या व्यवस्थापक, नागपूरच्या प्रेरणाताई, यांनी एक सूचना लावली: 'सलग मजकूर कुणी वाचत नाही. बाळाचा दिनक्रम तक्त्यात द्यावा.'

नाव घेतलं नव्हतं. पण रेणूला ते आपल्यालाच आहे हे कळलं. बरंसुद्धा वाटलं, म्हणजे निदान एकीनं तरी पाहिलं होतं.

तिनं मल्लेशला फोन लावला.

"ओ, तक्ता कसा करायचा हो?"

"कसला तक्ता? मी मालावर हाय आता."

"आंतरजालावरचा. रेघा मारलेला. कप्पे कप्पे असतेत की."

"हां. सोपं हाय. ऐकायलीस का? चौकटी कंस टाकायचा. आत इंग्रजीत टेबल लिहायचं. मग ओळीला टीआर, कप्प्याला टीडी. आन् जे उघडलंस ते बंद करायचं. तसाच कंस, फक्त आत आधी तिरकी रेघ. कप्पा बंद, ओळ बंद, शेवटी टेबल बंद."

"न्हाई केलं तर?"

"न्हाई केलं तर घोळ व्हतो. समदं…"

"समदं काय?… ओ, सुट्टीचं काय झालं? पर्ती तुमाला विसरायलीय."

"दिवाळीला बघू गं. साहेब…" एवढ्यात तिच्या मोबाइलमधले पैसे संपले की त्याची रेंज गेली, कोण जाणे. घोळ झाला की समद्याचं काय होतं, ते राहूनच गेलं.

रेणू कामाला लागली. पर्तीच्या वरच्या बाजूनं हात घालून, एका बोटानं टाइप करत. वर मथळा घातला: 'प्रतीक्षाचा दिवस'. मग स्तंभ केले: वेळ, काय खाते, सोबत कोण. सकाळी ज्वारीची कण्णी, म्हणजे पातळ पेज, सोबत मी. दुपारी वरणभात, सोबत मी. संध्याकाळी शेळीचं दूध, सोबत मी. आजी धार काढून द्यायची, पण पाजायचं रेणूलाच. शेवटची ओळ रात्रीची. काय खाते, तर दोनदा उठून रडते. सोबत कोण?

इथं तिचं बोट थांबलं. पुन्हा 'मी' लिहायचा तिला कंटाळा आला. तो कप्पा तिनं तसाच रिकामा ठेवला आणि तिरकी रेघ मारायला गेली.

"ए पोरी! काट कामून मारायलीस?"

बाणूबाई एक शेळी लंगडायला लागली म्हणून लवकर परतली होती आणि पाठीमागं उभी होती.

"काट न्हाई आत्या, हे बंद करायचं असतंय."

"मला शिकवतीस व्हय? लेकराच्या नावाखाली काट?"

तिला वाचता येत नव्हतं, पण तिरकी रेघ ती चांगली ओळखत होती. गावी, दुबलगुंडीला, तिचा नवरा लिंबाजी कोकरं मोजायचा ती भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा ओढून. कोकरू जन्मलं की एक रेघ. खाटकाला दिलं, लांडग्यानं नेलं, की त्या रेघेवर तिरकी काट. अशा एकेका काटेपाशी बाणूबाई दोन दोन दिवस जेवायची नाही.

"आन् ह्या वरच्या कसल्या?" तिनं पडद्यावर बोट टेकवलं.

"त्या जेवणाच्या हो. कण्णी, वरणभात, दूध."

"खाल्लं त्याच्यावर मार की. खाल्लं ते गेलं. रात्र अजून यायचीय. तिच्यावर न्हाई मारायची. आन् लेकराच्या आख्ख्या दिसावर तर मुळीच न्हाई."

रेणूला हसू आलं. मग तिनं त्या रिकाम्या कप्प्याकडं पाहिलं. आत काहीच नाही, तर बंद तरी काय करायचं? असंही तिच्या मनात आलं. तिनं शेवटच्या तिन्ही काटा गाळल्या आणि 'पाठवा'वर टिचकी मारली. त्याच क्षणी लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पर्तीला निजवून तिनं पान उघडलं, तर आधी तिला वाटलं आपला कॉम्प्युटर बिघडला.

तिचा तक्ता वर होता, ठळक, सुबक. पण त्या रिकाम्या कप्प्यातून काहीतरी खाली लोंबत होतं. बारीक दोरीसारखं. ती माउस फिरवत खाली गेली, अजून खाली गेली, दोरी संपेना. मग तिच्या लक्षात आलं. ही माणसं होती.

तिनं कप्पा बंद केला नव्हता, आणि तिच्यानंतर ज्यांनी ज्यांनी लिहिलं ती सगळी त्या उघड्या कप्प्यात येऊन पडली होती. कप्पा आपला बोटभर रुंदीचा. त्यामुळं प्रत्येकीचं बोलणं एका ओळीत एक अक्षर असं उभं झालं होतं. सगळ्यात वरचं उत्तर तर कुणीतरी इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. ती एकाखाली एक मुंग्यांसारखी उतरत गेलेली. रेणूला त्यातलं काही लागेना. ते सोडून ती पुढं गेली.

पुढं भांडण चाललं होतं. 'जुळ्यांची आई' असं टोपणनाव घेतलेली एक म्हणत होती की हे पान माझ्याच घरी असं दिसतंय का? 'नाशिकची द्राक्षं' म्हणाली, माझ्याही. टोरांटोच्या एका बाईनं दुरुस्ती म्हणून आपला एक तक्ता आत टाकला होता. तो त्याच कप्प्यात बसला आणि जागा आणखी आवळली. साबणाची जाहिरात आत आली. आणि शेवटी 'बाहेर पडा' असं लिहिलेलं बटणसुद्धा आत ओढलं गेलं होतं. ते इतकं बारीक झालं होतं की कुणालाच सापडेना. सगळ्या आत कोंडलेल्या.

सर्वात खाली प्रेरणाताई होत्या, उभ्या अक्षरांत रागावलेल्या: 'रेणू यांनी आपला तक्ता त्वरित बंद करावा. संध्याकाळपर्यंत न केल्यास मजकूर काढून टाकण्यात येईल.'

रेणूला लाज वाटली. आणि ती वाटता वाटताच, चोरून, आनंदही झाला. केवढी माणसं! तीही आपल्या घरात!

भिंतीवरून हाक आली, "ऊटा आयता?"

"न्हाई, अक्का," रेणू ओरडली, "पावणे आलेत घरात! लई पावणे!"

शांतम्मांना 'पावणे' तेवढं कळलं. डोकं भिंतीआड गेलं.

काट मारली की सगळे बाहेर जाणार. नाही मारली, तर प्रेरणाताई तक्त्यासकट सगळं काढून टाकणार. पर्तीचा तो एवढा मांडलेला दिवसच जाणार. शिवाय आत्यांना काय सांगायचं? रेणूनं बराच वेळ नख चावलं आणि खरं तेच लिहून टाकलं: 'माफ करा. बंद करायला सासूबाई नको म्हणतात. लेकराच्या नावाखाली काट मारू नये म्हणतात.'

आणि मग जे सुरू झालं! जणू सगळ्याजणी 'सासूबाई' या एका शब्दाचीच वाट पाहत होत्या. टोरांटोवाली म्हणाली, माझी सासू इथं पाहुणी आलीय आणि शनिवारी वॉशिंग मशीन लावू देत नाही. जुळ्यांची आई म्हणाली, माझी सासू दोघांना एकदम शिंकू देत नाही. कुणाची सासू फोनवरून पाळणा हलवायला मनाई करत होती. उभ्या उभ्या अक्षरांतून हसणं खाली सांडत होतं. कप्पा लांबत चालला होता. जणू पार तळघरात पोचला.

एवढ्यात दार वाजलं. शांतम्मा हातात गव्हाच्या हुग्गीचं, म्हणजे खिरीचं, झाकलेलं पातेलं घेऊन उभ्या. पाहुण्यांसाठी. त्यांनी दोन्ही खोल्यांत मान घालून पाहिलं. मोरीतही पाहिलं.

"एल्लिद्दार?" कुठं आहेत?

रेणूनं पडद्याकडं बोट दाखवलं. शांतम्मा त्या लोंबत्या दोरीकडं पाहत राहिल्या, मग रेणूच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्यांनी खाली बैठक मारली, हुग्गी वाढली आणि कानडीत म्हणाल्या, पाहुणे राहू देत, तू खा. आज पहिल्यांदाच कुणीतरी रेणू जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिलं.

हात धुऊन परत येऊन पाहते तर कप्प्यातली बोलणी मऊ झाली होती. सगळं पान आवळलं होतं, वाचण्यासारखं एकच काय ते उरलं होतं: रेणूचा तक्ता. म्हणून तो सगळ्यांनी वाचला होता. नाशिकवालीनं विचारलं होतं, 'सकाळी मी, दुपारी मी, संध्याकाळी मी. अहो, दुसरं कुणीच नाही का?' आणि प्रेरणाताई, आपल्या इशाऱ्याच्या खाली, वेगळ्या ओळीत: 'दोनदा का उठते? पोट तपासलं का? माझीही उठायची. मीही एकटीच असायची.'

रेणूनं पदर डोळ्यांना लावला. शांतम्मांना वाटलं हुग्गीत वेलदोडा जास्त झाला.

संध्याकाळी शेळ्या बांधून बाणूबाई आत आली, तेव्हा रेणू पडद्यापुढं बसली होती. पान पुन्हा लांबरुंद, मोकळं झालं होतं. प्रेरणाताईंनी स्वतःच तक्ता बंद केला होता. सगळ्या आपापल्या जागी गेल्या होत्या, सरळ आडव्या ओळींत.

"आत्या, मारली बगा काट. त्या नागपूरच्या बाईनं."

बाणूबाई हातातल्या दाव्यासकट खाली बसली. "मारलीच व्हय? कामून गं?"

"घरात लई गर्दी झाली म्हणून."

"कोण कोण व्हतं?"

"लई बाया व्हत्या. तुमच्याबद्दलच बोलायल्या."

"माझ्याबद्दल?" बाणूबाई क्षणभर खूश झाली. "मग? आता?"

"गेल्या समद्या."

रेणू उगाचच तक्त्यावर गेली. सकाळी मी, दुपारी मी, संध्याकाळी मी. रात्री…

रात्रीचा कप्पा रिकामा नव्हता.

खाली प्रेरणाताईंची टीप होती: 'सर्वांना बाहेर काढले आहे. पहिले उत्तर मात्र तिथेच ठेवले. ते कप्प्यातलेच वाटले. हटवायचे असल्यास कळवावे.'

ती मुंग्यांसारखी इंग्रजी अक्षरं आता आडवी, एका रांगेत लागली होती. गोदामातल्या कॉम्प्युटरवर मराठी उमटत नसल्यानं इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी. रेणूनं जुळवून जुळवून वाचली.

'शुक्रवारच्या गाडीनं येतो. साहेबाशी भांडलो. रात्री पर्तीजवळ मी असतो. तू झोप.'

"काय गं? कामून रडायलीस?"

"समदे गेले न्हाईत, आत्या. एकजण आत राहिलाय."

"कोण मेला?"

"तुमचा ल्योक."

बाणूबाई उठली. हातातलं दावं तसंच घेऊन पडद्याच्या अगदी जवळ गेली. काचेवर बोट ठेवलं, जिथं रेणूनं दाखवलं तिथं.

"हितं हाय?"

"हाय. शुक्रवारी रात्री."

"आन् ती काट? त्याच्या पुढं हाय का मागं?"

"मागं हाय. कप्पा बंद झाला. आता तो आतच."

बाणूबाईनं थोडा विचार केला. दाव्याची गाठ ओढून पाहिली आणि मान हलवली.

"एकच हाय व्हय? एकीनं काय व्हतंय! तुला ठाव न्हाई, त्याला लहानपणापासनं भाईर पळायची सवय हाय. अजून एक मार. पक्की मार."

"आत्या, काट मारू नको म्हणलाव ना तुमी?"

"ती लेकरावर गं! ही लेकराच्या बापावर. मार म्हणते ना!"

रेणूनं मारली. चांगल्या दोन मारल्या. त्या जास्तीच्या काटेनं दुसऱ्या दिवशी 'अंगडंटोपडं'ची स्वतःचीच चौकट बंद होऊन सगळ्या बाया पानाबाहेर सांडल्या, हे प्रेरणाताईंनी फोन करून स्वतः सांगितलं. आणि मग इकडचं तिकडचं बोलत बसल्या, पर्ती जागी होईपर्यंत.