सव्वीस अंशांची अट

सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आईच्या खोलीतली फरशी गार पडल्याचे निदर्शनास आले. या फरशीखाली विजेची तार आहे आणि ती थंडीत फरशी ऊबदार ठेवते. आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. रोज चाळीस पावले, तीही अनवाणी, नाहीतर गुडघा कायमचा आखडेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. आईने एक पाऊल टाकले आणि परत पांघरुणात घेतले.

"काल सुताराने दारात पट्टी ठोकली ना, त्याचा स्क्रू तारेत घुसलाय," ती म्हणाली. "तिथेच उकरा."

पण मी पडलो नियमाने चालणारा माणूस. गॅरंटीतली फरशी कंपनीनेच उकरायची असते, म्हणून मी रीतसर तक्रार नोंदवली.

दुसऱ्या दिवशी तंत्रज्ञ आला. भिंतीवरचे बटण उघडून त्याने मीटर लावला आणि गंभीरपणे जाहीर केले, "तार तुटलीय."

"कुठे?"

"ते शोध विभाग सांगेल. तुटलीय की नाही, एवढंच माझ्याकडे."

"अहो, दारात स्क्रू आहे," आई आतून ओरडली.

"आजी, फॉर्ममध्ये सुताराचा रकाना नाही."

गुरुवारी शोध विभागाचे अधिकारी उष्णता दाखवणारा कॅमेरा घेऊन आले. त्यांनी फरशीचे चारही कोपरे टिपले आणि नाराजीने मान हलवली.

"फरशी गार आहे. अशाने तपासणी कशी होणार? नियमाप्रमाणे किमान सव्वीस अंश हवेत."

"साहेब, फरशी गरम असती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

"असं सगळेच म्हणतात," ते म्हणाले आणि शनिवारची वेळ देऊन गेले.

शनिवारी पहाटेपासून आमचे घर फरशी तापवू लागले. दोन हीटर लावले, गरम पाण्याच्या सहा पिशव्या अंथरल्या. बायकोने चादर पसरून फरशीला चक्क इस्त्री केली. पंचवीसवर तापमापकाचा काटा अडला तेव्हा मी स्वतः पालथा पडून राहिलो. दहाच्या ठोक्याला सव्वीस अंश भरले आणि अधिकारी दारात हजर झाले.

आईने खाली हात लावून पाहिला. तिचा चेहरा उजळला. "अगं बाई, ऊब आली! मी चालून घेते."

"तपासणी चालू असताना पाय ठेवायचा नाही," अधिकारी म्हणाले. "फोटोत पावलं उमटतात."

आई पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत ठेवून बसली. त्यांनी बत्तीस फोटो काढले, मग खुर्ची मागून घेतली आणि पाऊण तास अहवाल लिहिला. "फरशी सव्वीस अंश. दोष आढळला नाही. तक्रार निराधार." मी सही केली. न करून सांगतो कुणाला?

ते गेले तोवर फरशी पुन्हा गारठली होती. आईने पाय वर ओढून घेतले. "राहू दे रे आता. बसून काय वाईट आहे?" तिने इतक्या समजूतदारपणे म्हटले की मला रडू आले. सहा दिवसांत ती एक पाऊलही चालली नव्हती.

संध्याकाळी कंपनीचा फोन आला. आवाज फार गोड होता. "सर, आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल?"

"एकही नाही!"

"हरकत नाही सर. पाचापेक्षा कमी असतील तर तक्रार पुन्हा उघडते. सोमवारी तपासणीला येऊ. फक्त फरशी तेवढी सव्वीस अंशांवर..."

मी बायकोकडे पाहिले. तिने दोन्ही हात जोडले.

"पाच," मी म्हणालो.

"आणि दोन शब्द, सर?"

"तत्पर आणि आपुलकीची सेवा," मी सांगितले. ते शब्द आता कंपनीच्या पानावर सर्वांत वर आहेत, खाली माझे नाव. त्याखाली आणखी चार हजार समाधानी घरे आहेत. वाचून घ्या. तुम्हीही काल कुठल्याशा फोनवर पाचच म्हणालात ना?