कापसाच्या मेंढराची मोहीम

सर्व जाणत्यांस, नेणत्यांस, आणि बाकावर बसले असता ज्यांचे पाय जमिनीस पोहोचत नाहीत त्या समस्त सरदारांस विनंती ऐसी जे, रविवारी सकाळी चर्चमध्ये जी घनघोर मोहीम जाहली तिची हकीकत आपण पुसिली, त्यावरून पाहिले तैसे लिहिले असे. पदरचे घातले नाही. घातले असल्यास थोडके.

पूर्वी मुलुखाची हालत ऐसी होती की उपासनेचे समयी मुलांची रवानगी मागील खोलीत होत असे, जेथे झाडू आणि मोडक्या खुर्च्या यांचा अंमल होता. कारण शिस्तसागर, वडीलमंडळाचे मुख्य, निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांस सर्वजण माघारी चूपगुरुजी म्हणत, हे तिसऱ्या बाकावर ठाणे देऊन असत, आणि तेथून "चूप" ऐसी तोफ डागिली म्हणजे तान्ह्याची उचकीदेखील जागीच थांबे. महिन्यामागे ती तोफ त्यांच्याच नातीवर, चार वर्षांच्या चिमणीवर सुटली, कारण तिने प्रार्थनेत आजोबांच्या पोटातून आवाज आल्याचे मोठ्याने जाहीर केले. मग गुरुजींच्या कन्येने लेकीस कडेवर घेतले आणि मागील खोली गाठिली, ती फिरून बाकावर आली नाही. गुरुजी शेजारची रिकामी जागा पाहात आणि चष्मा पुसत. पुसण्याजोगा तो मळलेला नसे.

ते समयी मुलांच्या फौजेच्या सेनापती नर्सबाई, ज्यांनी इस्पितळात भले भले पैलवान सुईपुढे नमविले होते, यांनी पाळकसाहेबांशी मसलत केली की एक रविवार तान्ह्यांपासून नव्वदीपर्यंत सर्वांची उपासना एकत्र व्हावी. वडीलमंडळात खलबत जाहले. गुरुजींनी फर्माविले की एकच रविवार मंजूर, आणि गोंधळ जाहल्यास मुले कायमची मागे. पाळकसाहेब, दिलाने थोर परंतु स्वभावे भिडस्त, यांनी मान हालविली. ती होकाराची की नकाराची हे कोणास उमजले नाही, म्हणून नर्सबाईंनी होकाराची धरिली.

रविवार उगवला. पाळकसाहेबांनी नव्याण्णव मेंढरे सोडून एका हरवलेल्याच्या शोधात निघालेल्या मेंढपाळाची कथा सांगितली, आणि मग हुकूम सुटला की कापसाचे एक मेंढरू चिमणीने आधीच दडविले आहे, ते सर्वांनी मिळून धुंडावे, आणि सापडल्यावर गीत गावे.

मग काय वर्णावे! टाचणी पडली तर ऐकू यावी ऐशा त्या दालनात एकच धावपळ उडाली. सुतारकाकांनी पडद्यांवर चाल केली, तरुण पोरे बाकांखालून सरपटली, एका आजींनी काठीने फुलदाणीची झडती घेतली आणि आतील सर्व पाणी शेजारणीच्या पदरी बहाल केले. ऑर्गनवाल्या मावशी सर्वांस हुरूप यावा म्हणोन वाजवू लागल्या, तो त्यांच्या ऑर्गनातून सुरांऐवजी रेड्याच्या घोरण्यासारखा ध्वनी निघाला. त्यांनी तो दमट हवेच्या माथी मारिला आणि अधिक जोराने वाजविले. परंतु मेंढरू काही हाती लागेना. अर्धी घटका लोटली, मंडळी दमून बसू लागली. नर्सबाईंनी चिमणीस हळूच विचारिले.

"सांगणार नाही. शोधायचं असतं," चिमणी म्हणाली.

इतक्यात गुरुजी उठले. नर्सबाईंनी डोळे मिटिले, कारण आता तोफ सुटणार आणि मुलुख जाणार हे उघड दिसत होते. परंतु त्याच क्षणी चिमणीने बसलेल्या मंडळीकडे पाहिले आणि तिचा ओठ थरथरला.

"मग ते तसंच राहणार? एकटं?" ती म्हणाली.

गुरुजींनी उघडिलेले तोंड मिटिले. मग कोट उतरविला, घडी घातली, चष्मा त्यावर ठेविला, आणि पाळकसाहेबांच्या व्यासपीठाखालची काळोखी पोकळी, जेथे आजवर मांजराखेरीज कोणी शिरले नव्हते, तीत गुडघ्यांवर प्रवेश केला. कंबरेपावेतो गेले आणि तेथेच अडकले. पुढे जाववेना, मागे येववेना, बाहेर फक्त पॉलिश केलेले बूट. हसावे की प्रार्थना करावी याचा हुकूम कोणापाशी नव्हता.

चिमणी तुरुतुरु गेली आणि फटीतून आजोबांशेजारी शिरली.

"आजोबा, ते इथे नाहीये. ऑर्गनमध्ये आहे."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी शोधता ते बघत होते. इथे चूप बसायचं का?"



"नको," गुरुजी म्हणाले. "बोल तू. मला तुझी फार आठवण येते गं तिथे बसल्यावर."

हे बोलणे पोकळीमुळे घुमून सर्व दालनास ऐकू गेले. कन्या पुढे धावली, सुतारकाकांनी फळी उचकटिली, आणि चार वर्षांपासून नव्वदीपर्यंत सर्व हात लागोन गुरुजी जाळ्यांसकट बाहेर निघाले. तो मुलांनी एकच गिल्ला केला, "सापडले, सापडले!" मावशींनी ऑर्गनाचे झाकण उघडून भात्यावरून मेंढरू काढिले, तत्काळ सूर मोकळा जाहला, आणि मंडळीने ऐसे गीत गाइले की बेसुरांचाही मान राहिला. सर्वांहून मोठा आवाज गुरुजींचा होता आणि तो सर्वांहून एक ओळ पुढे होता.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. आमच्या पक्षी नुकसान: एक फळी, एक पाटलोण गुडघ्यावर, आणि पाळकसाहेबांचे तेरा पानी प्रवचन, जे न वाचताच धारातीर्थी पडले. त्याचा शोक कोणी केल्याची नोंद नाही. तह ऐसा ठरला की पुढील दोन बाके मुलांस वंशपरंपरेने बहाल, आणि मागील खोली झाडूंस मुबारक. त्यावर गुरुजींनी, कन्या डावीकडे आणि नात मांडीवर असता, मंडळीच्या हजेरीवहीत स्वदस्तुरे लिहिले: आज सर्व हजर.