मेश्रामकाकांची रेकॉर्ड

मेश्रामकाका कोणाच्याही घरी गेले की आधी फ्रिजला कान लावतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हाही लावला. डोळे मिटले आणि म्हणाले, "काळी दोनच्या सुरात आहे गा तुमचा फ्रिज. पण याले दम लागून राहिला." पंधरा दिवसांत काँप्रेसर गेला. तेव्हापासून आमची ही त्यांना मानते.

आम्ही सदर मोहल्ल्यात एकाच इमारतीत राहतो. काकांनी पस्तीस वर्षं ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवला. लग्नं, जयंत्या, कामठी-कन्हानचे जलसे, सगळीकडे. सगळीकडे लोक एकच ओरडायचे, "भैया, और फास्ट!"

"पस्तीस वर्षं लोकायनं मले पळवलं," काका म्हणायचे. "आता मी चालून राहिलो."

म्हणजे निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःचं संगीत सुरू केलं. त्यात गाणं नाही, ठेका असून नसल्यासारखा. एक सूर उगवतो, पसरतो, विरतो. त्याखाली कुठेतरी कूलरची घरघर, कन्हानच्या पुलावरून जाणारी मालगाडी. हे आवाज टिपायला ते भर मे महिन्यात टोपी घालून हिंडले. मी मधेच काही विचारलं की बोट वर करायचे, "थांब ना गा. तो सूर संपू दे." तो सूर चार मिनिटं संपायचा नाही.

मग त्यांनी त्याची रेकॉर्ड काढली. खरीखुरी, काळी, ताटाएवढी. शंभर प्रती छापून आणल्या आणि इमारतीत घरोघरी एकेक वाटली. रेकॉर्ड प्लेअर एकाकडेही नव्हता. चौथ्या मजल्यावरच्या पांडेजींनी ती काटे नसलेलं घड्याळ समजून भिंतीवर लावली.

"काका, फोनवर टाका ना," मी म्हटलं.

"फोनवर लोकं दहा सेकंद ऐकतात अन् अंगठा पाठवतात. माझ्या पोरीनंही बंगलोरहून अंगठाच पाठवला." मग म्हणाले, "रविवारी तुझी रेकॉर्ड घेऊन ये सकाळी. बाकीच्यायलेही सांग. माझ्याकडे मशीन आहे."

पहिल्या रविवारी आम्ही नऊ जण आपापली रेकॉर्ड काखेत मारून गेलो. काकू गेल्यापासून त्या घरात एवढ्या चपला मी पाहिल्या नव्हत्या. पहिली बाजू संपल्यावर काकांनी उठून तर्री-पोहे आणले, मग दुसरी बाजू. पांडेजी घोरले. काकांना त्याचंही काही नाही. "बराबर सुरात घोरते," म्हणाले.

मला पहिली दहा मिनिटं काहीच कळलं नाही. मग हळूहळू लहानपणची एक दुपार आठवली. ओल्या वाळ्याचा वास, शेजारी झोपलेली आई. कितीतरी वर्षांत मी इतका वेळ नुसता बसलो नव्हतो.

नवाचे पाच झाले, पाचाचे दोन. दिवाळीनंतर मी एकटाच जाऊ लागलो. पोहे मात्र काका नऊ जणांचेच करायचे.

माझ्या वाढदिवसाला हिने मला रेकॉर्ड प्लेअर आणून दिला. मी उड्या मारत काकांकडे गेलो. "काका, आता तुमची रेकॉर्ड घरीच रोज ऐकतो बघा!"

"अरे वा," काका म्हणाले. मग बराच वेळ सिंथेसायझरवरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच. "मंग आता रविवारी तुले इथं यायची गरज नाही."

तेव्हा मला कळलं, की त्यांनी रेकॉर्ड का काढली. घरोघरी प्लेअर नाहीत हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं.

"नाही काका," मी म्हटलं, "त्याची सुई खराब निघाली. आवाज फाटतो. रविवारी येतोच."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सुरातलं खोटं ओळखणारा माणूस तो. पण बोलले एवढंच, "सूनबाईलेही आण. दोन वाट्या पोहे जास्त भिजवतो."

घरी येऊन मी प्लेअर पुन्हा खोक्यात भरू लागलो. हिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती आत जाऊन चिकटपट्टी घेऊन आली.