स्नानगोळा सजविल्याची हकीकत

श्रीगजाननास नमन, आणि कसब्याच्या कोरड्या हौदासही नमन, कारण त्याच्यामुळेच हे लिहिणे घडले. शके १७४९, सर्वजितनाम संवत्सर, आश्विन वद्य पक्ष. ते समयी खालच्या राज्याच्या हमामखान्यात, म्हणजे सरकारी न्हाणीघरात, जिन्नस मोजून पाहिले ते येणेप्रमाणे: खायचा सोडा चार शेर, लिंबूसत्त्व दोन शेर, खोबरेल एक वाटी, गोळा वळावयास घासून गुळगुळीत केलेल्या करवंट्या सहा, तांब्याचे मोठे घंगाळ एक, कारभारी तीन. अक्कलही मोजावयाची होती, परंतु इतके लहान माप कोठीत नव्हते, म्हणोन ती राहिली. कसब्याचा हौदही त्याच दिवशी काठी घालून मोजिला. काठी कोरडी वर आली.

कारण ऐसे की, पाऊस हुलकावणी देऊन गेला होता, आणि कालव्याचे दार वरल्या राज्यात, आणि ते उघडण्याचा हुकूम तेथील माजीसाहेबांच्या हाती. माजीसाहेब म्हणजे वरल्या राजाच्या मातुश्री, वयाने थोर, विधवा, पांढरे लुगडे नेसणाऱ्या, आणि बोलणे थोडके. त्या दिवाळीस पाहुण्या येणार, नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान येथेच करणार, आणि मग कालव्याचा निकाल सांगणार, ऐसा निरोप आला. इकडे महाराजांच्या राणी मैनाबाईसाहेब यांनी कसब्यातील बायांस शब्द दिला होता की दिवाळी सरताच तुमच्या हौदास पाणी येईल. आणि बाया एका हंड्यात सबंध घर न्हाऊ घालीत होत्या, म्हणोन त्या शब्दाचे ओझे बाईसाहेबांच्या जिवास फार. मग पाहुणीस काही नवे दाखवावे ऐसे मनात आणून त्यांनी सोडा दोन वाटे आणि लिंबूसत्त्व एक वाटा घेतले, खोबरेलाचे बोट लाविले, करवंटीत दाबून गोळा केला, वाळविला, आणि घंगाळात सोडिला. गोळा फसफसून उठला, बुडबुड्यांनी घंगाळ भरले, आणि महाराज लहान मुलासारखे वाकून पाहत राहिले. येथेच थांबते तर पुढील मजकूर लिहावा न लागता.

परंतु महाराज बोलिले, "उत्तम आहे. पण पांढराफटक आहे."

बाईसाहेब बोलिल्या, "घटकेत विरघळून जायचा तो. त्याला नटवायचे कुणासाठी?"

"माजीसाहेबांसाठी. आपले वैभव त्यांच्या डोळ्यांत भरले पाहिजे."

"वैभव असते तर त्यांच्याकडे पाणी मागितले असते का?"

महाराजांनी यावर मिशीवरून हात फिरविला आणि कारभाऱ्यांस बोलाविणे धाडिले. रंगखान्याचे हैबतराव आले, अत्तरखान्याचे चिंतोपंत आले, आणि शोभेच्या कामाचे सुभानजी आले. या दरबाराची जुनी चाल ऐसी की एका कारखान्याचे काम दुसऱ्याच्या नजरेस पडू द्यावयाचे नाही, न जाणो शाबासकी वाटून घ्यावी लागेल. म्हणोन तिघांनी तीन पडदे बांधिले, आणि गोळा या पडद्यातून त्या पडद्यात झाकून नेला जाऊ लागला. बाईसाहेबांस तर एकाही पडद्याआड प्रवेश नाही, कारण गोळा त्यांनीच काढिला होता आणि तेवढ्यावर त्यांचे काम संपले होते.

प्रथम चिंतोपंतांनी गोळा मांडीवर घेऊन त्यावर गुलाबपाणी शिंपडिले. पाणी लागताच जे घडावयाचे ते घडले. गोळा पंतांच्या मांडीवरच फसफसला आणि त्यांच्या रेशमी धोतरातून वाहून गेला. पंत गंभीरपणे म्हणाले, "गोळा उतावळा आहे." मग दुसरा केला, तोही उतावळा निघाला, आणि तिसराही, तेव्हा हे पाण्याने होते ऐसा शोध दरबारास लागला. मग आज्ञा जाहली की घंगाळात पडेपर्यंत गोळ्यास थेंब लागू नये, सर्व काम कोरडे करावे. त्यावर पंतांनी केवडा, मोगरा, हिना आणि वाळा, चारही अत्तरे एकाच गोळ्यात घातली. वास ऐसा जाहला की त्यात चौघांपैकी कोणीच ओळखू येईना, आणि हमामखान्यातील मांजर जे गेले ते परत आले नाही.

मग गोळा हैबतरावांकडे आला. ते म्हणाले, "दिवाळीचे स्नान आणि हळद नाही? लोक तोंडात शेण घालतील." मूठभर हळद घातली, ती त्यांच्या डोळ्यांस फिकी वाटली, मग आणखी दोन मुठी घातल्या, आणि प्रत्येक छटा पारखावयास घंगाळ पुनःपुन्हा भरून ओतिले. मग गोळा झाकून सुभानजींकडे गेला. त्यांनी झेंडूच्या पाकळ्या लाविल्या, चांदीचा वर्ख लाविला, जरीचे तुकडे खोविले, आणि तरी काही कमी वाटले म्हणोन वर पांढरी नक्षी काढावी ऐसे ठरविले. आणि पांढरे व कोरडे म्हणोन चुन्याची भुकटी चाळून दाबून बसविली, आणि शोभा मोडेल म्हणोन तो पाण्यात सोडून पाहिला नाही. आता इतक्या शोभेस जागा पुरेना, तेव्हा हुकूम करून नव्या गोळ्यात लिंबूसत्त्व अर्ध्याहून कमी करविले. हे कानी येताच बाईसाहेब पडद्याजवळ जाऊन म्हणाल्या, "सुभानजी, तेच कमी केले तर गोळा फसफसणार कशाने?"

आतून उत्तर आले, "बाईसाहेब, शोभा फसफसत नसते."

या राज्यात हळदीस चुना लागला आणि पाणी मिळाले म्हणजे लाल होते, हे प्रत्येक घरी ठाऊक. हैबतरावांच्या घरी ठाऊक, सुभानजींच्याही घरी ठाऊक, कारण कुंकू दोघांच्याही घरी तसेच करीत. परंतु हैबतरावांस चुना दिसला नाही, सुभानजींस हळद म्हणजे रंगखात्याची बाब वाटली, आणि मध्ये पडदा होता.

चतुर्दशीची पहाट जाहली. माजीसाहेबांस तेल लावून पाटावर बसविले, जवळ बाईसाहेब आणि दोन दासी. पुरुष मंडळी दाराच्या पडद्याबाहेर कान देऊन उभी. गोळा चांदीच्या तबकातून आला.

"हे काय गं मैना?"

"स्नानगोळा, आईसाहेब."

"खायचा का अंगाला लावायचा?"

"पाण्यात सोडायचा."

माजीसाहेबांनी सोडिला. गोळ्याने एक ढेकर दिली आणि तळाशी जाऊन बसला. माजीसाहेबांनी थोडी वाट पाहिली, मग तो फोडावा म्हणोन दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात घातले. बाहेर काढिले तेव्हा ते कुंकवाने माखल्यासारखे लाल, लुगड्याचा काठ लाल, आणि मनगटास जरीचा तुकडा चिकटलेला. दासींनी तोंडास पदर लाविला. ज्या बाईने इतकी वर्षे कपाळी कुंकू लाविले नाही तिचे हात ऐसे पाहून बाईसाहेबांस कालवा गेला ऐसेच वाटले.

बाहेरून हैबतरावांनी विचारिले, "रंग पसंत पडला ना?"

माजीसाहेब बोलिल्या, "माझे लग्न ठरविले असेल तर आधी सांगायचे होते बाबा. मुलाला विचारून आले असते."

बाहेर सुभानजी म्हणाले, "तो रंगखात्याचा दोष." हैबतराव म्हणाले, "चुना आमचा नव्हे." चिंतोपंत म्हणाले, "वास तरी बरा आहे ना?" यावर आतून एक शिंक ऐकू आली.

मग माजीसाहेबांनी हात निथळीत विचारिले, "असले गोळे करून पाहण्यात पाणी किती गेले, मैना?"

बाईसाहेबांनी पडद्याकडे पाहिले. पलीकडे महाराज खाकरले. तरी त्या म्हणाल्या, "वाड्याचा अर्धा हौद."

"आणि तुझ्या कसब्यात?"

"एका हंड्यात घर न्हाते, आईसाहेब."

मग घंगाळ बाजूस सारून माजीसाहेबांनी साधे उटणे मागविले, एक घागर पाण्यात स्नान उरकिले, रीतीप्रमाणे पायाने कारीट फोडिले, आणि लाल हातांनीच दरबारात येऊन निकाल सांगितला: "कालवा उघडते. कसब्याची वाट मोकळी ठेवा. वाड्याकडे फुटते ती मोरी आजच चिणून टाका. चुना उरलाच असेल."

ऐसा हा वृत्तान्त. गोळ्यात रंग, गंध आणि शोभा मिळोन सव्वा शेर, लिंबूसत्त्व नवटाक, म्हणजे शेराचा आठवा हिस्सा. पुढे कार्तिक शुद्ध पंचमीस दोन्ही हौद काठी घालून मोजिले. कसब्याच्या हौदात पाणी अडीच हात. वाड्याच्या हौदात काठी कोरडी.