दातारांकडे गेलेली वाटी

आमच्या बिल्डिंगमध्ये दातारांकडे आमटीची वाटी गेली की परत येत नसे. गृहस्थ एकटे, म्हणून बायका काही ना काही पाठवायच्या. दातार आमटी पातेल्यात ओतत, वाटी पालथी घालत आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळायला बसत. "बाक काय सुरेख आहे हो वहिनी तुमच्या वाटीचा!" दुकानातली वाटीन् वाटी पालथी घालून बघत, म्हणून पनवेलच्या भांडीवाल्यांनीही त्यांचा धसका घेतला होता.

दातार इंजिनियर. एमआरआयचं आम्ही तेव्हा नुसतं नाव ऐकलेलं. अंगातली नेमकी जागा टिपायला त्या यंत्रात तारेची वेटोळी लागतात म्हणे, पण ती अख्ख्या माणसाच्या मापाची. "म्हणजे बाळाला आजोबांचा सदरा!" दातार म्हणत. त्यांना फक्त स्तनांच्या तपासणीसाठी, अगदी जवळ बसणारी, वाटीच्या आकाराची लहान वेटोळी करायची होती. बारीकशी गाठसुद्धा दिसली पाहिजे, हा ध्यास.

पंचाईत ही, की हे सगळं ते जिन्यात उभं राहून खणखणीत आवाजात सांगत. मी एकदा हळूच म्हटलं, "छातीच्या तपासणीचं ना?"

"छाती पोलीसभरतीत मोजतात! स्तन म्हणा, स्तन!"

वरच्या मजल्यावरचं दार धाडकन लागलं. पारूबाईने तर त्यांची धुणीभांडी सोडली. "मानूस बरा हाय, पन तोंडाला लगाम नाय. आमी नाय जानार."

एका रविवारी माझी बायको म्हणाली, "चला, आपली वाटी घेऊन येऊ." दातारांच्या दारात मात्र ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभीच राहिली.

"दातारकाका, माझ्या... माझ्या स्तनात गाठ लागतेय हाताला."

मलाही हे तेव्हाच कळलं.

दातारांच्या हातातली तार सुटली. "उद्याच डॉक्टरांकडे जा. बोललात, फार बरं केलंत." मग भिंतीवरच्या आपल्या गेलेल्या बायकोच्या फोटोकडे बघत म्हणाले, "ही वर्षभर पाठ दुखते म्हणत होती. गाठ स्तनात होती, पण तो शब्दच उच्चारवेना हिला. आणि मी रोज पाठ चोळून देत होतो हो."

माझ्या बायकोची गाठ साधी निघाली. सांगायला गेलो, तर दातारांनी आमची वाटी घासूनपुसून हातात दिली. तळाशी साखर होती.

"रिकामी देऊ नये, म्हणायची ही."

साखर जुनी होती, दमट होऊन गोळे झालेली. काकू गेल्यापासून त्या घरात चहाला कुणी आलंच नव्हतं.